निफ्टी ५७५ अंकांनी पडला, माझा पुट जेमतेम २५ रुपये वाढला. कुठे चुकलं? (मदत हवी आहे)

मंडळी, आज गुड फ्रायडे (१० एप्रिल २०२०), बाजार बंद. सोमवारी सव्वानऊपर्यंत विचार करायला वेळ आहे म्हणून धागा काढतोय. (नवख्यांसाठी: निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक, आणि पुट म्हणजे तो पडला की सहसा ज्याचा भाव वाढतो असा करार.) आधीच सांगतो, शहाणपणा करून झालेला आहे, त्यामुळे बोलणी खायची तयारी आहे.

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात टूल रूमला आहे. कारखाना सध्या बंद, मार्चचा पगार अर्धाच आला. शेअर २०१४ पासून घेतोय, ऑप्शन (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा मुदतीचा हक्क, पुट हा त्यातलाच) मात्र गेल्या दिवाळीपासून, तेही कधीतरी एखादा लॉट (ठरावीक संख्येचा गठ्ठा).

जानेवारीत माझे शेअर ५ लाख २० हजारांचे होते. २३ मार्चला सकाळी दहाच्या आत लोअर सर्किट लागलं, ४५ मिनिटं सगळं ठप्प. मी मोबाईल हातात धरून स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा, गॅसवरचा चहा उतू गेला तरी कळलं नाही. बाजार पुन्हा सुरू झाला तो आणखी खाली. संध्याकाळी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी खाली, निफ्टी ७,६१०, आणि माझे शेअर सव्वातीन लाखांचे. त्या रात्री ठरवलं, आता पुट घेऊन ठेवायचा, म्हणजे पुन्हा असं झालं तर निदान एका बाजूने तरी पैसे येतील.

पण घेतला कधी, तर २७ मार्चला. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने कमी केला, कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली. सकाळी वर उघडलेला बाजार त्यानंतर घसरला. मला वाटलं, एवढी चांगली बातमी येऊनही टिकत नाही म्हणजे अजून बराच खाली जाणार. ८,००० चा पुट (मुदतीला निफ्टी ८,००० च्या जितका खाली, तितके पैसे), ३० एप्रिलची एक्सपायरी (मुदत संपण्याचा दिवस), ४३० रुपयांना, दोन लॉट. लॉट ७५ चा, ७५ दुणे १५०, गुणिले ४३० म्हणजे ६४,५०० रुपये. हा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

आता गंमत बघा. माझा अंदाज बरोबर आला! निफ्टी ८,६६० वरून ३ एप्रिलला ८,०८४ वर बंद झाला. मी मनात दोनशे तरी रुपये वाढ धरून बसलो होतो. पुटचा भाव किती? ४५५. दोनदा ॲप बंद करून उघडलं, वाटलं भाव अडकलाय.

मग रविवारी दिवे लावले, सोमवारी महावीर जयंतीची सुट्टी, आणि मंगळवारी निफ्टी एका दिवसात ७०८ अंक वर. पुट १६५. काल निफ्टी ९,१११ आणि पुट ८८.

तर प्रश्न असे. ३ तारखेला भाव का वाढला नाही? हे मला कुणीतरी ग्रीक अक्षरं (डेल्टा, थीटा वगैरे ऑप्शनची मापं) न वापरता समजावा. दुसरं, आता विकू की ३० तारखेपर्यंत ठेवू? कोरोनाचे रुग्ण तर रोज वाढतायत, बाजार पुन्हा कोसळेल असं टीव्हीवर सगळेच म्हणतायत. तिसरं, साडू म्हणतो की वरच्या भावाचे कॉल (निफ्टी वर गेला की पैसे देणारे ऑप्शन) विकून नुकसान भरून काढ. आणि हा तोटा रिटर्नमध्ये दाखवायचा कसा?

प्रतिसाद १

दादा, मार्चमध्ये मेडिकलमधून मास्क घेतलेत का? आमच्याकडे साधा मास्क ४० ला विकत होते. मग सरकारने तीन पदरी मास्कला १० रुपयांची मर्यादा घातली. रुग्ण वाढतच राहिले, पण ४० ला घेतलेल्या मास्कला पुन्हा ४० कोण देणार? तुमच्या पुटचं हेच झालं. फक्त इथे भाव सरकारने नाही, बाजाराची घबराट ओसरल्याने उतरला.

ती घबराट मोजायला इंडिया व्हिक्स असतो. २४ मार्चला तो ८० च्या वर होता, तुम्ही घेतलंत तेव्हा सत्तरीच्या आसपास, ३ एप्रिलला पंचावन्नच्या. व्हिक्सला साडेतीनने भागलं की बाजार महिन्याभरात किती टक्के हलेल असं धरलंय ते ढोबळमानाने कळतं. सत्तर म्हणजे महिन्याला २० टक्के! तुम्ही त्या भावाने माल उचललात. हिशेब साधारण असा: निफ्टी पडल्यामुळे दोनेकशे रुपये मिळाले, व्हिक्स उतरल्याने सव्वाशे-दीडशे गेले, आणि सात दिवस सरल्याचे पन्नास-साठ. उरले २५.

आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका. ८,००० वजा ४३० म्हणजे ७,५७०. एक्सपायरीला निफ्टी याच्या खाली असला तरच तुम्हाला फायदा. या सगळ्या पडझडीत तो ७,५७० च्या खाली फक्त २४ मार्चला काही वेळ गेला, ७,५११ पर्यंत. म्हणजे सगळ्यात वाईट दिवसाहून वाईट काहीतरी ३० एप्रिलला व्हावं, यावर तुम्ही पैसे लावले होते.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण मूळ दुखणं वेगळंय. १५० गुणिले ८,६६० करून बघा, जवळपास १३ लाख होतात. शेअर किती? साडेतीन लाखांच्या आसपास. साडेतीन लाखांच्या मालावर १३ लाखांचं संरक्षण कुणी घेत नाही. एक लॉटसुद्धा जास्तच होता. ही मंदीवर लावलेली पैज होती, नाव फक्त हेजिंगचं दिलंत. पैज लावायला माझी ना नाही, पण मग ३ तारखेला ४५५ ला सुटायला हवं होतं. हेजिंग समजत होतात म्हणून बसून राहिलात.

सोमवारी एक लॉट विका, एक राहू द्या. पुढचे वीस दिवस कसे जातील कुणी सांगावं.

साडूंना नमस्कार सांगा आणि कॉल अजिबात विकू नका. मंगळवारचे ७०८ अंक आठवा. त्या आदल्या शुक्रवारी ज्यांनी कॉल विकले त्यांची लाँग वीकेंडनंतर काय गत झाली असेल? पुट घेऊन जास्तीत जास्त ६४,५०० जातात. कॉल विकला की तोट्याला तळ नाही, आणि मार्जिनसाठी (ब्रोकरकडच्या अनामतीसाठी) तुम्हाला शेअर तारण ठेवावे लागतील ते वेगळंच.

प्रतिसाद ३

कराचं तेवढं सांगतो. एफ अँड ओचा (फ्युचर्स-ऑप्शनचा) तोटा हा व्यवसायातला तोटा धरतात, सट्ट्यातला नव्हे. आयटीआर ३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागेल. पगाराच्या उत्पन्नातून तो वजा होत नाही, पण रिटर्न मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं ओढता येतो. खरेदी मार्चमधली असली तरी विक्री एप्रिलमध्ये म्हणून हा २०२०-२१ चा हिशेब. कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची व्यवहाराची पावती) जपून ठेवा.

धागाकर्ता (सोमवार, १३ एप्रिल)

सगळ्यांचे आभार. १३ लाखांचा गुणाकार मी खरंच कधी केला नव्हता. प्रीमियम (पुटसाठी मोजलेले पैसे) ६४,५०० दिसतं, लॉटची किंमत दिसतच नाही.

शनिवारी मुख्यमंत्र्यांनी राज्यातला लॉकडाऊन ३० एप्रिलपर्यंत वाढवला. म्हणजे लॉकडाऊन आणि माझा पुट, दोघांची एक्सपायरी एकच! ते ऐकून क्षणभर वाटलं, ठेवावा. सकाळी बाजार खाली होता, पुट ९६ ला आला, तेव्हा दोन्ही लॉट विकून टाकले. एक ठेवला असता तर दिवसभर ॲपच बघत बसलो असतो, प्रतिसाद २ वाल्यांनी माफ करावं. १४,४०० हातात आले, ५०,१०० गेले, दलाली वेगळी.

शेअर एकही विकलेला नाही. बायकोला दुपारी जेवताना सांगितलं. तिने आधी विचारलं, "हप्त्याची ती तीन महिन्यांची सवलत, त्यात व्याज चालूच राहतं ना?" राहतं. आता तो अर्ज करायचा की नाही यावर घरात चर्चा चालू आहे, त्यासाठी वेगळा धागा काढेन.