टीव्हीलाच मॉनिटर केलाय? या, अनुभव लिहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वर्षभर डोक्यात वळवळणाऱ्या किड्याला निमित्त मिळालं. दिवाळीत ४३ इंची फोर-के टीव्ही आणला आणि हॉलमध्ये न लावता सरळ माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला. मी मुद्रितशोधन करते. डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे वर्ड, दोन्ही पानं पूर्ण उंचीची, असं स्वप्न होतं.

स्वप्न चार तास टिकलं. रात्री एवढा मोठा पांढरा पडदा डोळ्यांवर येतो, म्हणून वर्ड काळ्या पार्श्वभूमीवर घेतलं. पांढरी अक्षरं स्वच्छ. पण दुरुस्त्या लाल रंगात दिसतात ना, त्या लाल अक्षरांवरचे अनुस्वार विरघळलेले! 'मांडणी' केलंय की 'माडणी' राहिलंय हे कळायला पडद्याला नाक लावावं लागतं. रफारांचंही तेच. अनुस्वारावर पोट असलेल्या बाईने काय करावं?

तर ज्यांनी ज्यांनी टीव्हीवर संगणक चालवलाय त्यांनी लिहा. फसलेले अनुभव आधी.

जुना गडी

ताई, आमच्या काळी मॉनिटर नावाची वेगळी वस्तू घरात नसायचीच. १९८७-८८च्या सुमारास मामाने डीबी स्पेक्ट्रम प्लस आणला होता. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची इथली परवान्याची आवृत्ती, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सची. ४८ के मेमरी. टीव्हीच्या मागची ॲन्टेनाची वायर काढायची, तिथे संगणकाची खुपसायची आणि चित्र स्थिर होईपर्यंत चॅनेलची कळ फिरवत बसायचं. एका ओळीत ३२ अक्षरं, अशा २४ ओळी. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचा, त्याला पाचेक मिनिटं लागायची. तेवढा वेळ पडद्याच्या कडेने पट्टे पळायचे. आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे ते रंगीत पट्टे आम्ही करड्या रंगातच पाहिले.

बातम्यांची वेळ झाली की आजोबा वायर काढून ॲन्टेना लावायचे. संगणक मागे चालूच असायचा. मग मी आंधळेपणाने टाइप करत राहायचो आणि बातम्या संपल्या की वायर लावून किती चुकलं ते बघायचो. अनुस्वाराचा प्रश्न तेव्हा नव्हता, कारण मराठीच नव्हती.

ताळेबंद, नाशिक

मी सीए. ४३ इंची फोर-के म्हणजे साडेएकवीस इंचांचे चार फुल एचडी पडदे मध्ये फट न ठेवता चिकटवल्यासारखं. टॅली, बँकेचं स्टेटमेंट, जीएसटी पोर्टल, एक्सेल, चारही एकदम समोर. एकटं एक्सेल पसरलं तर शंभर टक्के आकारात साठेक रकाने दिसतात. आता कुणी २४ इंची दिला तर खोलीत कोंडल्यासारखं होईल.

पण पहिले पंधरा दिवस मी शिव्या घालत होतो. माउस गुळाच्या पाकातून फिरल्यासारखा. केबल बदलली, मग आणखी महाग केबल आणली, फरक शून्य. भाचा आला, त्याने दोन मिनिटांत सेटिंग उघडून दाखवलं: पडदा सेकंदाला ३० वेळाच बदलत होता. लॅपटॉपचं एचडीएमआय (चित्र-आवाज टीव्हीला नेणारी जोडणी) पोर्ट जुन्या १.४ आवृत्तीचं. त्यातून फोर-के ३०च मिळतं, ६० हवं तर २.० लागतं. त्याच लॅपटॉपच्या टाइप-सी मधून चित्र बाहेर निघतं हेही त्यालाच माहीत. अडॅप्टर लावला आणि माउस सुटला. केबलवाल्याचे पैसे बुडीत खाती.

आणखी एक. दोन फुटी टेबलावर हे धूड ठेवू नका, टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरते. मी टीव्ही भिंतीवर खाली बसवला आणि टेबल वीतभर पुढे ओढलं.

दोन पोरांची आई

आमचा अनुभव २०२०चा, जूनमधला. शाळा ऑनलाइन सुरू झाली आणि घरात लॅपटॉप एक. धाकट्याचे डोळे दुखतात म्हणून हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडला. पाहते तर खालची पट्टी गायब! मीटिंगमधला माइक बंद करायचं बटण पडद्याच्या बाहेर गेलेलं. तोवर आमच्या कुकरच्या शिट्ट्या अख्ख्या तिसरी 'ब'ने ऐकल्या.

नंतर कळलं की जुन्या काचेच्या टीव्हीत कडा झाकल्या जायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून दाखवायची पद्धत होती, आणि ती सवय या सपाट टीव्हींनाही लागलेली आहे. रिमोटवर चित्राच्या आकारात गेलं की कुठे 'जस्ट स्कॅन', कुठे 'स्क्रीन फिट', कुठे 'फुल पिक्सेल' असं काहीतरी असतं. ते केलं की कडा परत येतात.

पण धूसर ते धूसरच. टीव्ही 'एचडी रेडी' होता, म्हणजे पडदा १३६६ बाय ७६८चा. तेवढेच ठिपके ३२ इंचांवर पसरल्यावर 'घ' आणि 'ध' सारखेच दिसणार. मुलाने वहीत 'धर' लिहून आणलं होतं, 'हे आमचं धर आहे'. बाईंच्या पीडीएफमध्ये तसंच दिसत होतं म्हणाला. मी जाऊन पाहिलं, खरंच तसंच दिसत होतं.

वरचीवाडी

इकडे कोकणात आधी विजेचं बघा, मग पिक्सेलचं. टीव्हीला केबलवाल्याची तार होती आणि लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा. एचडीएमआय लावायला गेलो की बोटाला मुंग्या यायच्या. दुर्लक्ष केलं. मे अखेरीस पहिली वीज कडाडली, ती तारेतून आली की कशी देव जाणे, टीव्हीचं एक पोर्ट आणि लॅपटॉपचं एकुलतं पोर्ट दोन्ही गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड बदला. आता अर्थिंग नीट करून घेतलंय, दोन्ही बंद असतानाच केबल जोडतो आणि ढग दिसले की केबलवाल्याची तार आधी काढतो. बायको म्हणते, कपडे काढायला एवढी धाव घेत नाहीस.

जर्सीकर

ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा टीव्ही) घेऊन त्यावर रोज आठ तास काम करू नका, एवढंच सांगतो. काळा रंग इतका सुंदर की मोह होतो. दीड वर्षाने सिनेमा बघताना खाली टास्कबारची फिकट सावली दिसायला लागली. आता प्रत्येक नायिका आमच्या टास्कबारवर उभी राहून रडते. करायचंच असेल तर पट्टी आपोआप लपेल असं ठेवा, वॉलपेपर काळा ठेवा.

मानदुखी

भिंतीवर सोफ्याच्या हिशोबाने लावलेल्या टीव्हीकडे खुर्चीतून मान वर करून तीन महिने कोडिंग केलं. बाकी फिजिओथेरपिस्टला विचारा.

पिक्सेलमोजणी

धागाकर्त्या ताईंसाठी. तुमचा टीव्ही बिघडलेला नाही, तो आगाऊ आहे. व्हिडिओत जागा वाचवायला उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात हे कळत नाही. पांढऱ्या अक्षरांतही नाही, कारण तिथे सगळा फरक उजेडाचाच. पण काळ्यावर लाल म्हणजे उजेड कमी आणि भिस्त रंगावर, आणि अनुस्वार म्हणजे मोजून दोन-तीन ठिपके. तो शेजाऱ्यांत वाटला जातो.

उपाय: संगणकाकडून ४:४:४ किंवा आरजीबी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण, जातंय का ते ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बघा. मग टीव्हीला सांगा की समोर संगणक आहे. सॅमसंग आणि एलजीत त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' करायचं, सोनीत चित्राचा प्रकार 'ग्राफिक्स' निवडायचा. नाव बदलल्याने चित्र सुधारतं हे ऐकून लोक हसतात, पण त्या नावामागे टीव्हीची बरीचशी रंगरंगोटी बंद होते. शार्पनेस खाली आणा, नाहीतर शिरोरेघेभोवती पांढरी झालर दिसते. सोनीत शून्य नको, ५०च्या आसपास ठेवा. माउस मागे रेंगाळत असेल तर गेम मोड.

धागाकर्ती

केलं! आधी ग्राफिक्सचं सेटिंग ४:२:२ वर सापडलं, ते आरजीबी केलं. मग इनपुटचं नाव 'पीसी'. पडदा एक क्षण काळा झाला आणि परत आला तेव्हा लाल 'मांडणी'वर टिंब! शार्पनेस कमी केल्यावर शिरोरेघेची ती झालरही गेली. मला वाटत होतं माझाच नंबर वाढलाय.

एकच तक्रार राहिली. संगणक झोपला तरी टीव्ही झोपत नाही. 'सिग्नल नाही' अशी पाटी अंधारात इकडून तिकडे फिरवत बसतो, रिमोट शोधून निजवावा लागतो. आणि रिमोट सासूबाईंकडे असतो, कारण संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही हा टीव्ही आहे, असं ठरलंय. आज प्रकरण आठवं अर्ध्यावर आहे आणि पावणेसात वाजलेत.