मदत हवी आहे : जुन्या जलरंगचित्रातील किल्ला आणि जोडधबधबा नळदुर्गचाच आहे का?

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी जलरंगातील एक जुने निसर्गचित्र आहे. त्यात दाखवलेली जागा नेमकी कोणती, हे ठरवण्यासाठी धाराशिव, तुळजापूर, सोलापूर भागातील जाणकारांची मदत हवी आहे. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत महसूल खात्यात पेशकार होते. त्यांच्या बदल्या तुळजापूर, कळंब, औसा अशा ठिकाणी होत राहिल्या आणि त्यांतल्याच कुठल्यातरी गावी हे चित्र त्यांच्या हाती आले, एवढेच घरात सांगितले जाते. चित्रावर चित्रकाराची सही नाही, गावाचे नावही नाही.

चित्र साधारण दीड फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. पुढच्या भागात खडकाळ नदीपात्र आणि डाव्या काठाला फड्या निवडुंगाची दाटी आहे. मध्यभागी काळ्या कातळावरून पाण्याचे दोन प्रवाह शेजारी शेजारी, परंतु एकमेकांत न मिसळता, खाली कोसळत आहेत. उजवीकडे उंचावर तटबंदी असून तिच्या आत, तटापासून वेगळा उठून दिसणारा एक उंच बुरूज आहे. डावीकडे, धबधब्याच्या पलीकडच्या लहान टेकडीवरही तटाचा एक तुकडा दिसतो. पात्रात पखाल लादलेला एक बैल आणि त्याच्यामागे चालणारा भिस्ती, एवढीच काय ती वर्दळ. आभाळ भरून आलेले आहे.

नातेवाइकांपैकी बहुतेकांचा कौल वेरूळला आहे, कारण पावसाळ्यात तेथे लेण्यांच्या कड्यावरून पाणी कोसळते. पण वेरूळच्या कड्यात लेण्यांची दारे दिसल्याशिवाय राहत नाहीत आणि माथ्यावर तटबंदी नाही. दौलताबादचे नावही निघाले. मात्र चाँद मिनार वगळून दौलताबाद रंगवणारा चित्रकार मला तरी कल्पनेत येत नाही. सौताड्याचा धबधबा खोल दरीत आहे आणि सहस्रकुंड येथे पैनगंगा अनेक धारांनी पडते. या दोन्ही ठिकाणी असा किल्ला नाही. त्यामुळे फिरून फिरून मी नळदुर्गलाच येतो. तेथे बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३च्या सुमारास, बांधलेला बंधारा मुख्य किल्ल्याला पलीकडच्या टेकडीवरील रणमंडळ या लहान किल्ल्याशी जोडतो आणि नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात. दोन प्रवाह, उजवीकडे किल्ला, डावीकडे लहान टेकडीवरचा तट आणि आतला टेहळणी बुरूज, हे सगळे एकाच चौकटीत बसवता येईल असे दुसरे ठिकाण मराठवाड्यात मला आठवत नाही.

चौकट बदलण्यासाठी चित्र बाहेर काढले तेव्हा कागद उजेडासमोर धरून पाहिला. त्यात ‘व्हॉटमन’ हे इंग्लंडमधील प्रसिद्ध कागदाचे नाव आणि १८५२ हे वर्ष जलचिन्हात उमटलेले आहे. यावरून चित्र त्याआधीचे नाही, इतकेच सिद्ध होते. कागद पुढे कितीही वर्षे पडून राहिलेला असू शकतो. तरीही ही तारीख दुर्लक्ष करण्याजोगी नाही, कारण १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला आणि १८६०मध्ये तो निजामाला परत मिळाला. त्या काळात फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला कारभार पाहत होता आणि तो स्वतः चित्रे काढीत असे. येथे घाईने त्याचे नाव जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोम येथील लष्करी विद्यालयात चित्रकला हा शिक्षणाचाच भाग होता. शिवाय औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील छावण्यांमधील इंग्रज अधिकारीही जवळ रंगपेटी बाळगून असतील.

माझी खरी अडचण बंधाऱ्याची आहे. नळदुर्गला दोन धबधब्यांच्या मध्ये घडीव दगडांची सरळ भिंत असते आणि भिंतीच्या पोटात पाणीमहाल नावाचे दालन आहे. चित्रात मात्र त्या जागी ओबडधोबड नैसर्गिक कातळ दाखवलेला आहे. सज्जा, खिडकी, पायरी यांपैकी काहीच नाही. त्या काळच्या इंग्रज चित्रकारांना सृष्टी रमणीय दिसावी म्हणून बांधकाम झाकण्याची, झाडे वाढवण्याची, कडे उंच करण्याची सवय होती, हे मान्य. पण एवढी मोठी भिंत कोणी पुसून टाकील का, आणि टाकली तर नळदुर्ग रंगवण्यात उरले काय, असा प्रश्न पडतो. मी स्वतः उन्हाळ्यात तेथे गेलो होतो, तेव्हा धबधबे कोरडे होते आणि खालच्या पात्रातून पाहता आले नाही.

म्हणून ज्यांनी पावसाळ्यात, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदीपात्राजवळ उभे राहून किल्ला पाहिला आहे, त्यांना पुढील गोष्टी विचारायच्या आहेत. तेथून प्रवाहाच्या उलट दिशेने, बंधाऱ्याकडे वर पाहिल्यास किल्ला उजव्या हाताला येतो की डाव्या? टेहळणी बुरूज तटाच्या वर डोके काढतो का? पाणी जोरात असताना बंधाऱ्याची भिंत फेसाखाली कितपत झाकली जाते? आणि सकाळचे ऊन कोणत्या बाजूने येते, हेही कळवावे, कारण चित्रात सावल्या डावीकडे पडलेल्या आहेत. त्या कोनातून काढलेले एखादे जुने किंवा नवे छायाचित्र कोणाकडे असल्यास ते येथे द्यावे. चित्राची छायाचित्रे मी उद्या दिवसाच्या उजेडात काढून याच धाग्यात टाकतो.

नळदुर्गाव्यतिरिक्त वर्णनात बसणारे ठिकाण कोणास ठाऊक असेल, अगदी भीमेपलीकडचे किंवा तेलंगणातील असले, तरी अवश्य सुचवावे.