आरएक्स १०० : इंजिन नवीन बांधलंय, पण अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी रेस उतरत नाही

आरएक्स_९४ (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. इंजिन पूर्ण खोलून बांधलं. क्रँकला नवीन रॉड किट आणि बेअरिंग, ब्लॉक बोअर करून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन, एक्झॉस्ट पोर्ट थोडा वर घेतलाय, हेड लेथवर कापलंय आणि मूळच्या सायलेन्सरऐवजी एक्स्पान्शन चेंबर. ऑईल पंप बंद करून टाकीतच लिटरला ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) मिसळतो. कार्ब्युरेटर मूळचाच मिकुनी.

रनिंग सावकाश काढलं. तेव्हापासून एक खोड आहे: इंजिन गरम झालं की अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर रेस दोन-तीन सेकंद वरच लटकते, मग उतरते. मागच्या आठवड्यात आजरा-आंबोली मार्गे वेंगुर्ल्याला निघालो. घाट उतरून सावंतवाडीच्या पुढं सपाट रस्त्याला टॉप गिअरमध्ये फुल खेचली आणि गाडी आवळली, म्हणजे पिस्टन ब्लॉकमध्ये धरून इंजिन जाम झालं, मागचं चाक घासलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. थंड झाल्यावर किक मोकळी झाली. प्लग पांढराफटक.

मेकॅनिकनं मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मुख्य जेट) दोन नंबर मोठा टाकला. आता फुलला धूर येतो आणि गाडी गुदमरते, पण रेस लटकायची ती लटकतेच. पुढं काय करावं?

टूस्ट्रोक_पुणे

प्लग पांढरा म्हणजे गाडी लीन आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मेन जेट फक्त शेवटच्या पाव अ‍ॅक्सिलेटरला काम करतो, त्यामुळे खालची अडचण त्यानं सुटणार नाही. सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, सुई वर येईल आणि मधला भाग रिच होईल, म्हणजे तिथं पेट्रोल जास्त जाईल. तोवर तेल लिटरला ५० मिली करा, पिस्टन तरी वाचेल.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

भावा, आधी गाडी बंद ठेव. एकदा आवळलेलं इंजिन किकला मोकळं झालं म्हणजे बरं झालं असं नसतं. पिस्टनचं अॅल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं असतं आणि रिंग खाचेत दबलेली असते. ब्लॉक काढून बघितल्याशिवाय किक मारू नको.

आणि जेटला हात लावायचा नाही. पुण्याच्या मित्रानं क्लिपचं सांगितलं ते बरोबर आहे, पण ते नंतरचं काम. रेस लटकते म्हणजे कार्ब्युरेटरच्या मागून कुठून तरी फुकटची हवा आत जाते आहे. ती हवा कुठल्या जेटला विचारून येत नाही. कमी रेसला तिचा हिस्सा मोठा, फुलला लहान. म्हणून मेन जेट मोठा केल्यावर वर गुदमरली आणि खाली होती तशीच राहिली. तुझ्या लिहिण्यातच उत्तर आहे.

तेल वाढवायचं तर अजिबात नको. जेटमधून जे जातं त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा कमी होतो. म्हणजे जास्त तेलानं गाडी आणखी लीन होते. लै जणांना हे उलटं वाटतं. ३० मिली चांगल्या तेलाला पुरेसं आहे.

आता गळती शोधायची पद्धत सांगतो. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक टू-स्ट्रोकला मी हे करतो, बांधून झाल्यावर आणि कार्ब्युरेटर चढवायच्या आधी. रक्तदाब मोजायचं घड्याळवालं जुनं यंत्र मेडिकलवाल्याकडून घे. त्याचा फुगा आणि काटा दोन्ही आपल्या कामाचे. एक्झॉस्टच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्री लावून बोल्ट आवळ. इनटेकच्या रबरात लाकडाची खुंटी ठोक, तिला भोक पाडून नळी बसव. इनटेकसारखंच पंपाच्या जुन्या ऑईल नळीचं तोंडही बंद करायला विसरू नको, पंप काढलेल्या गाड्यांत ते नुसतं स्क्रू घालून सोडलेलं असतं. प्लग लावलेला, पिस्टन खाली, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकच होतात. मग फुगा दाबून काटा २५० वर ने. हे साधारण पाच पीएसआय होतं. त्याच्या वर नेऊ नको, सील जागचं हलतं. चांगलं इंजिन काटा पाच मिनिटं जवळपास तिथंच धरतं. तुझा पडला तर साबणाचं पाणी ब्रशनं लाव : हेडचा जोड, बेस गॅस्केट, रीड ब्लॉकचा (इनटेकच्या झडपेचा) पत्रा, इनटेक रबराच्या भेगा. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) पुलरनं काढून त्यामागचं क्रँक सीलही बघ, फुगे बहुतेक वेळा तिथं येतात. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं असेल तर हवा गिअरबॉक्समध्ये जाते. गिअर ऑईलच्या झाकणाच्या भोकावर साबणाचा पडदा धर, फुगा धरेल. तसं असलं तर पांढरा धूर आणि गिअर ऑईल कमी होणं ही दोन लक्षणंही दिसतील.

ब्लॉक काढशील तेव्हा पोर्टांच्या कडांवर नख फिरव. बोअर केल्यावर कडा धारदार होतात, त्या फाईलनं हलक्या मोडाव्या लागतात. बोअर करणारा ते करत नाही, करायचं ते बांधणाऱ्यानं. पोर्ट वर घेताना तर अजूनच जपायचं, रिंग तिथं अडते.

आणि हेड किती कापलं ते लेथवाल्याला न विचारता स्वतः मोज. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टनच्या पिनच्या रेषेत आत घाल, सिलिंडरच्या भिंतीला टेकव, किकनं पिस्टन वरून न्यायचा. चेपलेलं टोक व्हर्नियरनं मोज, तेवढं पिस्टन आणि हेडमधलं अंतर. मी या इंजिनला एक मिमीच्या आसपास ठेवतो. फार कमी असलं तर रेसला पिस्टन हेडला टेकायचा.

टूस्ट्रोक_पुणे

साबणाची पद्धत उत्तम, मी जोडतो : कार्ब्युरेटर सेट करताना मेनपासून खाली या, पायलटपासून (कमी रेसच्या जेटपासून) वर नाही. आणि आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त पाहिजे. १९९४ चे जेट त्या हिशेबाचे नाहीत, मोठा मेन जेट लागणारच.

आरएक्स_९४

दादा, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलेलं निघालं. काटा २५० वरून मिनिटभरात शंभरवर येत होता आणि फेस तिथंच उसळत होता. सील बसवताना ओठ दुमडलेला दिसला. ब्लॉकमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला दोन ओरखडे, पिस्टनवरही त्याच बाजूला. सोल्डर ०.९५ मिमी आलं. कडा खरोखर धारदार होत्या. नवीन पिस्टन घेऊन होनिंग करून बांधतोय, पोर्टांच्या कडा मोडून घेतल्या. आता जेट कसे लावू?

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

०.९५ एकदम झकास. आता ऐक. सील नवीन बसवताना ओठाला टू-टीचा थेंब लाव, आणि क्रँकच्या धारेवरून जाताना चिंचोळी प्लॅस्टिक पट्टी आत गुंडाळ, मग ओठ दुमडत नाही. बांधल्यावर परत २५० चा काटा. तो थांबला की मगच कार्ब्युरेटर.

हँडलच्या ग्रिपवर पांढरी टेप लाव आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. कुठं अडते ते अंदाजानं नाही, खुणेवर सांगता आलं पाहिजे. पहिल्यांदा थंड होऊ देत, गरम करत, असे काही वेळा चालव. रेस सारखी एका जागी धरू नको. हेडचे नट थंड इंजिनावर परत आवळ.

मग आत्ता आहे तोच मोठा मेन जेट ठेव. पोर्ट आणि चेंबरमुळं तो लागणारच आहे. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला फुल धर. आवाज तुटक येईल, बर्र-बर्र, म्हणजे रिच. एकेक नंबर खाली ये. आवाज सरळ सणसणीत झाला की तिथं थांबू नको, एक नंबर परत वर ये. मग नवा प्लग लावून तसंच खेच, चावी बंद कर, त्याच क्षणी क्लच दाब आणि तशीच गाडी थांबू दे. प्लगच्या टोकाचा रंग बघू नको. पोर्सिलेन आत जिथं मुळाशी जातो, तिथली वर्तुळाकार रेघ बघ. चहाच्या रंगाची पाहिजे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा उलटा, दुकानात घेताना हे लक्षात ठेव. मिकुनीचा जेट ओरिजिनलच घे, बाजारातल्या स्वस्त जेटवर नंबर एक आणि भोक दुसरंच असतं.

मेन झाला की अर्ध्या खुणेवर सुई. शेवटी पायलट : गरम इंजिन, हळू बाहेर फिरवत एअर स्क्रू जिथं रेस सगळ्यात वर जाते तिथं ठेव. या कार्ब्युरेटरला स्क्रू आत म्हणजे रिच. एका फेऱ्याच्या आत वर जात असेल तर पायलट जेट मोठा पाहिजे, अडीच फेऱ्यांच्या पुढं गेला तर लहान.

हे सगळं तू इचलकरंजीत, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर करणार. वेंगुर्ल्यात हवा पाचेक टक्क्यांनी दाट, म्हणून तिथं तोच जेट लीन पडतो. आंबोली उतरताना बंद अ‍ॅक्सिलेटरला पेट्रोल फारसं जात नाही म्हणजे त्यातलं तेलही फारसं जात नाही, आणि इंजिन फिरत राहतं. उतारावर अधूनमधून क्लच दाबून रेस दे. कोकणात निघताना मेन जेट एक नंबर वरचा लाव, जुना खिशात ठेव, घरी आल्यावर परत बदल. पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांचं काम आहे.

पंप परत लावायचा विचार असेल तर लाव, मला तो आवडतो. रेसबरोबर तेलाचं प्रमाण तो स्वतः बदलतो. फक्त केबलची खूण जुळव आणि नळीतली हवा पूर्ण काढ, तोवर टाकीत थोडं तेल मिसळलेलं राहू दे.