जुना लॅपटॉप भंगारात घालायचा की लिनक्स टाकायचं?

मांजराकाठ (लातूर):
विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. तेव्हापासून आमच्याकडं जो तो ‘नवा घ्या’ एवढंच सांगायलाय. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे 2017 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद, मग ते कितीही धडधाकट असोत. नीटच्या तयारीला खोली करून राहिलेल्या पोराला लागतं काय? लेक्चर बघायला ब्राउझर, नोट्सच्या पीडीएफ, एखादा फॉर्म. त्यासाठी बापानं कर्ज काढून मशीन घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका. तिच्यातला मिंट हा प्रकार घ्या, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. 2 जीबी रॅमवर चालू होते, 4 जीबीवर निवांत काम करते. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत, तेही फुकट.

मोंढ्यातला (जालना):
दादा, पोरांचं ठीक आहे. आमचं आडतीचं दुकान आहे. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचा डोंगल (यूएसबीला लावायचा), त्याचा ड्रायव्हर, टेंडर भरायची वेबसाइट, सगळं विंडोज धरूनच बनवलेलं. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर) टॅली चालवून बघा म्हणणारे भेटतात, पण हंगामात हिशेब अडकला तर ते येणारेत का?

मांजराकाठ:
तुमच्या दुकानात लिनक्स टाका असं मी म्हणणारच नाही. टॅली आणि डोंगल असेल तिथं विंडोजच ठेवा, तेही अपडेट मिळणारं.

उदगिरी:
माझी अडचण वेगळी आहे. माझं डीटीपीचं काम. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, ठराव, निविदा श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या फायली दुसरीकडं उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. लिनक्सवाले ‘युनिकोड वापरा’ म्हणून मोकळे होतात. जुन्या फायलींचं काय करायचं?

मांजराकाठ:
ताई, फाइल वर्डची असेल तर वाचता येते. फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या .fonts या फोल्डरमध्ये टाका (दिसत नसेल तर कंट्रोल आणि एच दाबा) आणि लिबरऑफिस (वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) बंद करून परत उघडा. मजकूर दिसतो, छापताही येतो. त्यात नवीन टाइप करणं मात्र कटकटीचं आहे, आणि कोरलड्रॉ लिनक्ससाठी येत नाही. नवं मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आधीच असतो, सेटिंगमधून नुसता चालू करायचा.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर):
मी रिपेरिंग करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. जुनी मशीन पळायला लागते ती एसएसडीमुळं, लिनक्समुळं नाही. हार्ड डिस्क काढून 256 जीबीची एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) टाका, विंडोज 10 सुद्धा पळतं. आणि लिनक्स टाकून दिलं की गिऱ्हाईक परत येतं, वायफाय दिसत नाही, प्रिंटर चालत नाही. तालुक्याच्या गावाला ते कोण बघणार?

मांजराकाठ:
एसएसडीचं शंभर टक्के खरं, आधी तीच टाकावी. पण अपडेट थांबलेल्या विंडोजवर बँकेचं काम? मला ते धोक्याचं वाटतं. काहीजण जुन्या मशीनवर टीपीएम-प्रोसेसरची अट चुकवून विंडोज 11 टाकतात, त्यालाही पुढं अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि वायफाय इन्स्टॉल करायच्या आधीच तपासता येतं की. पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं सुरू करा, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा, सगळं बघून घ्या. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, पुष्कळदा ड्रायव्हर तिथंच सापडतो. तरीही प्रिंटर चालला नाही तर त्या मशीनवर टाकू नका. इतकं सरळ आहे.

सेलूकर:
मी शाळेत शिकवते. केरळात सरकारी शाळांसाठी काइट ही संस्था उबंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली देते, पोरं त्यावरच शिकतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बंद पडलेले संच कपाटात धूळ खात आहेत, ते बघून जीव तुटतो.

पैठणगेट:
मॅडम, तिथं शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, मागं माणसं उभी केली. इथं एका हौशी मास्तराची बदली झाली की लॅबला कुलूप. आधी माणूस तयार करा, मग प्रणाली बदला. बाकी, नुसत्या ब्राउझरपुरती मशीन आणली तर मिंट मीही टाकून देईन. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) मात्र मागू नका, विंडोजचा अपडेट आला की बूटचा घोळ माझ्याच गळ्यात.

मांजराकाठ:
दोन्ही हवेच असतील तर दोन वेगळ्या डिस्क ठेवा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हायची सोय) आधी बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, त्यात काही सेव्ह होत नाही. सेलूकर मॅडम, कपाटातल्या संचांना रॅम किती आहे ते बघून इथं टाका. 2 जीबीच्या खाली असेल तर मिंट नको, दुसरं हलकं काहीतरी बघू.