डोंगर गेला, सोनं उरलं

एकाने विचारलं, हिमालय एवढा उंच आणि सोन्याची खाण मात्र कर्नाटकातल्या सपाट कोलारला, असं कसं? अहो कोलारलाही एकेकाळी पर्वतच होता, साधारण २५०-२७० कोटी वर्षांपूर्वीचा, तो झिजून झिजून गेला आणि त्याची मुळं तेवढी उरली.

होतं काय, की पर्वत तयार होताना खालचे खडक दाबले जातात, तापतात आणि त्यांच्यातलं पाणी सुटतं, ३००-४०० डिग्रीचं, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि गंधक, आणि हे गंधकच सोन्याला धरून वर आणतं. पाणी भेगेत अडकतं, प्रेशर वाढत जातं, मग भूकंप झाला की भेग फाटकन उघडते, प्रेशर एकदम पडतं आणि क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) आणि सोनं तिथेच साचतं, भेग बुजते, की परत तेच. शेजारी लोहयुक्त खडक असला तर गंधक लोखंडाला चिकटून पायराइट नावाचं खनिज होतं आणि सोनं बिचारं एकटं पडतं, तिथेच साचतं :)

माझ्याकडे अशा बुजलेल्या भेगेतल्या, म्हणजे शिरेतल्या, क्वार्ट्झचा एक तुकडा आहे, दुधी पांढरा, आणि त्यात पेन्सिलीने मारल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. एकेक रेघ म्हणजे भेग एकदा उघडून बुजल्याची खूण. सोनं मात्र डोळ्याला काहीच दिसत नाही!

हे सगळं घडतं जमिनीखाली बरेचदा ५ ते १५ किलोमीटरवर, म्हणजे वरचं छप्पर झिजल्याशिवाय हाती काही लागत नाही. कोलारला तरी माणसं सोन्यामागे ३ किलोमीटरपेक्षा खोल गेली, २००१ मध्ये खाण बंद झाली.

आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत शोधू नका, तो खडक दाबून घड्या पडून झालेला पर्वत नाहीच, बहुतेक लाव्हाचे थर आहेत.