पहिला कॅमेरा कोणता घ्यावा आणि हात कसा बसवावा?

कवडसा (प्रश्न)

गेली दोन वर्षे मी केवळ मोबाइलवर छायाचित्रे काढत आहे. घरातली माणसे, खिडकीतून आत येणारा उजेड आणि मैदानावर खेळणारी मुले हे माझे आवडीचे विषय आहेत. दिवसाच्या उजेडात मोबाइलबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दिवेलागणीच्या सुमारास धावणारी मुले पुसट येतात आणि थोड्या अंतरावरून टिपलेला चेहरा मोठा करून पाहिला, तर तो जलरंगात रंगवल्यासारखा दिसतो. त्यामुळे स्वतंत्र कॅमेरा घ्यायचे ठरवले आहे आणि तिथेच गाडी अडली आहे. किट लेन्ससह (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स) वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा), क्रॉप सेन्सरचा (प्रकाश टिपणारी पट्टी लहान असलेला) नवा मिररलेस (आरसा नसलेला), किंवा शिल्लक पडलेले सारे पैसे घालून एकदाच फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), असे तीन पर्याय समोर आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारे लोक तितक्याच ठामपणे बोलतात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांच्या व्याख्या मी झोपेतून उठवले तरी सांगू शकेन, पण प्रत्यक्ष हातात यंत्र आले की काय करायचे ते सुचत नाही. एका सायंकाळी तीनशे चित्रे काढून घरी येतो आणि त्यांतले एकही जपून ठेवावेसे वाटत नाही. हे कशाने सुधारेल?

मंदप्रकाश

कोणता कॅमेरा घ्यावा याचे उत्तर तुमच्या फसलेल्या चित्रांत आहे, म्हणून खरेदीपूर्वी एक काम करावे. अलीकडची दोनशे फसलेली चित्रे काढून कारणानुसार त्यांचे ढीग पाडा: विषय हलल्यामुळे पुसट, हात हलल्यामुळे पुसट, फोकस भलतीकडे, उजेड सपाट, पार्श्वभूमीत गर्दी, क्षण हुकलेला. यांतले मोजकेच ढीग पैसे खर्चून कमी होतात. डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब कोणताही कॅमेरा काढून टाकणार नाही. तुमचा नेमका कोणता ढीग मोठा आहे, हे तुम्हाला आज ठाऊक नसावे असे प्रश्नावरून वाटते.

तुम्ही सांगितलेली पुसट मुलांची अडचण मात्र खरोखर यंत्राशी संबंधित आहे. धावणारे मूल स्पष्ट टिपायला शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागते. मंद उजेडात मोबाइल आपणहून १/६० किंवा त्याहून संथ वेगावर उतरतो. तेवढ्या वेळात तुमचा हात स्थिर राहील, पण मूल राहणार नाही. शटर वेगवान केले की प्रकाश कमी पडतो, आणि तो भरून काढायचे दोन मार्ग आहेत: मोठ्या छिद्राची लेन्स किंवा मोठा सेन्सर. इथे आकडे मांडून पाहणे उपयोगी ठरते. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर, म्हणजे झूमच्या लांबच्या टोकाला, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). त्याऐवजी एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली, तर सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० च्या आसपास भागते. उलट क्रॉप सेन्सरऐवजी फुल फ्रेम घेतला, तर ३६ × २४ मिलिमीटर विरुद्ध साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोन-अडीच पटींचाच फरक पडतो. तो नगण्य नाही, पण सारी शिल्लक बॉडीत (लेन्सविना कॅमेऱ्यात) घालून पुढे किट लेन्सच लावणे म्हणजे घोडा घेऊन खोगिराला पैसे न उरण्यासारखे आहे. (मोबाइलच्या लेन्सवरही एफ १.८ लिहिलेले असते, अशी शंका येईल. ते खरे आहे; परंतु तिच्यामागचा सेन्सर इतका लहान असतो की एकूण गोळा होणारा प्रकाश फारच थोडा राहतो.)

मोठ्या छिद्राची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते, हेही सांगायला हवे. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र घेतले, तर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम दहा-बारा सेंटीमीटरचा असतो. नवी लेन्स आल्यावर पहिले काही आठवडे डोळ्याऐवजी कानावर फोकस गेलेली चित्रे हमखास मिळतात. त्यात लेन्सचा दोष नसतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याकडे फारसे पाहू नये. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० बिंदू. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने त्यातून २० × १३ इंचांची उत्तम छपाई होते. त्याच्या दुप्पट रुंदीचा कागद तितक्याच बारकाईने छापायचा असेल, तर ९६ मेगापिक्सेल लागतील. तुम्हाला तेवढा कागद छापायचा आहे का, एवढेच स्वतःला विचारा.

तिपाई

वरील विवेचनाशी सहमत आहे. वापरलेल्या वस्तूंविषयी थोडे जोडतो. बॉडी बदलत राहतात, लेन्स राहतात, म्हणून खरे तर आपण कॅमेरा नव्हे तर माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) निवडत असतो. कॅननने ईएफ माउंट १९८७ मध्ये आणले आणि त्या लेन्स अडॅप्टर लावून २०१८ नंतरच्या आरएफ (कॅननच्या मिररलेस) बॉडींवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनचे एफ माउंट त्याहून जुने, १९५९ चे. परंतु त्यातल्या ज्या जुन्या लेन्सना स्वतःची फोकस मोटर नाही, त्या निकॉनच्याच अडॅप्टरवर झेड (मिररलेस) बॉडीला लावल्या तर फोकस हाताने करावा लागतो. स्वस्त लेन्स दिसली की हात लगेच पुढे जातो, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि मग किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नका. मी एकदा विक्रेत्याच्या ‘नुसती धूळ आहे’ या शब्दावर विसंबलो आणि वर्षभरात त्या लेन्सने टिपलेल्या प्रत्येक चित्रावर धुक्याचा पदर आला. बॉडी तपासताना एफ १६ वर स्वच्छ आकाशाचे चित्र घ्या, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतील. शटर किती वेळा उडाले आहे तेही विचारा.

डीएसएलआर की मिररलेस, यात नवशिक्याला मी मिररलेस सुचवीन. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) चित्र किती उजळ किंवा काळपट येणार हे बटण दाबण्याआधीच दिसते, त्यामुळे चूक आणि तिचे कारण यांतले अंतर मिटते. बॅटरी मात्र लवकर संपते. जोडीला दुसरी ठेवावी. उत्तम स्थितीतला डीएसएलआर आणि चांगली प्राइम लेन्स कोणी विकत असेल, तर तेही मुळीच वाईट नाही.

रानवारा

माझा रोख तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण पहिल्याचे उत्तर मिळाले तरी दुसरा तसाच उरणार आहे.

तीनशे चित्रे काढणे हाच बहुधा मूळ दोष आहे. फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रे मावत. महिनाभर तीच मर्यादा पाळा: एका वेळी ३६, मध्येच एकही पुसायचे नाही, आणि पडद्यावर उघडायची ती दुसऱ्या दिवशी. काढतानाचा उत्साह ओसरल्यावर चित्र जसे आहे तसे दिसते. शिवाय सारी ३६ एकत्र मांडली की एकाच विषयाभोवती आपण कसे फिरलो, कुठे आळस केला आणि नेमके कोणत्या पावलावर थांबायला नको होते, याचा मागच समोर येतो. जमलेल्या एका चित्रापेक्षा त्याच्या आधीच्या पाच चित्रांनी मला अधिक शिकवले आहे.

उजेड शिकायला खिडकी पुरे. एका माणसाला खिडकीशेजारी बसवा, स्वतः जागा बदलू नका आणि त्याला हळूहळू वळायला सांगा: आधी तोंड खिडकीकडे, मग अर्धे, मग पूर्ण आडवे, मग पाठ. नाकाची सावली गालावर कशी सरकते, डोळ्यांतली चमक कुठे नाहीशी होते, हे पाहत राहा. नंतर तोच माणूस खिडकीपासून दोन पावले मागे नेला, तर चेहऱ्यावरची सावली अधिक कडक होते. खिडकी तीच असली तरी चेहऱ्याच्या मानाने ती लहान झालेली असते. हे मोबाइलवरही शिकता येते, त्यासाठी खरेदीची वाट पाहू नका.

लेन्स एकच ठेवा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी आपले बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने केले. अशा सवयीने चौकट डोळ्यांत बसते आणि कॅमेरा उचलण्याआधीच पाय योग्य जागी जातात. क्रॉप सेन्सरवर साधारण तोच कोन ३५ मिलिमीटरच्या लेन्सने मिळतो.

एका बाबतीत मी अनेकांशी असहमत आहे. सगळे मॅन्युअलवरच (सारी मापे स्वतः ठरवून) काढले पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. ज्या गोष्टीने चित्र बदलणार आहे, तेवढीच आपल्या हातात घ्यावी; खेळ टिपताना शटर, माणूस टिपताना अ‍ॅपर्चर. उरलेले यंत्राला करू द्यावे. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) जरूर साठवा, कारण १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये (नेहमीच्या, आकुंचित केलेल्या चित्र-फाइलमध्ये) २५६. पण पहिले काही महिने संगणकावर चित्रे सुधारत बसू नका.

कवडसा

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे दोनशे चित्रांचे ढीग पाडले आणि थोडा ओशाळलो. गर्दीची पार्श्वभूमी आणि सपाट उजेड मिळून ६२, क्षण हुकलेली ५५, विषय हलल्यामुळे पुसट ४८, आणि बाकी किरकोळ ३५. म्हणजे ज्या कारणासाठी मी फुल फ्रेम घ्यायला निघालो होतो, ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. आता वापरलेली क्रॉप सेन्सरची मिररलेस बॉडी आणि एफ १.८ ची ३५ मिलिमीटर लेन्स घेण्याचे ठरवले आहे. एकच शंका उरते: मैदानावरच्या मुलांसाठी ३५ मिलिमीटर तोकडी पडणार नाही का?

मंदप्रकाश

मैदानाबाहेर उभे राहिलात तर नक्की पडेल. लहान मुलांच्या खेळात मात्र बहुधा कडेला, अगदी रेषेजवळ बसता येते. तिथे गुडघ्यावर बसून कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. खेळ ज्या जागी वारंवार येतो ती जागा आधी हेरा, फोकस तिथे लावून ठेवा आणि मुलांच्या मागे धावण्याऐवजी त्यांना चौकटीत येऊ द्या. तुमचा ५५ चा ढीग यानेच घटेल. शटर १/५०० वर आणि आयएसओ ६४०० च्या कमाल मर्यादेसह ऑटोवर ठेवून पहिला महिना काढा. त्यानंतरही दर वेळी चित्र कातरूनच विषय मोठा करावा लागत असेल, तर ८५ मिलिमीटरच्या लेन्सचा विचार करा. आणि त्या वेळी नवे दोनशे मोजून मगच.