चाळिशीनंतरही उशीर नाही

नट व्हायचं लहानपणीचं स्वप्न वयाबरोबर आपोआप सुटतं, असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. दार लावून आरशासमोर रडायचा सराव करायचे मी! डोळ्यांत खरंच पाणी यायचं, आणि ते गालावर ओघळेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचे. ती ओढ अजून तशीच आहे. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्ण वेळ रंगभूमीकडे वळले. ज्यांना अजून हुरहूर वाटते त्यांनी हौशी नाटकमंडळींत जरूर जावं. सुरुवातीला नुसतं प्रॉम्प्टिंग, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या विंगेतून नटांना संवादांची आठवण करून द्यायचं काम, मिळालं तरी घ्या. विंगेत उभ्या उभ्या अख्खं नाटक पाठ होतं, आणि कोणता पॉज कुठे, का घेतलाय तेही जवळून दिसतं.